चाल अर्थ कशी सांगते : मेघदूतापासून मराठी गझलेपर्यंत

नागपूरपासून सुमारे ५० किलोमीटरवरचे रामटेक म्हणजेच ‘मेघदूता’तला रामगिरी, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. त्या काव्याचे मंदाक्रांता वृत्त मोठ्याने म्हणून पाहावे : आरंभीची चार गुरू अक्षरे पाय ओढत चालतात, पुढची पाच लघू अक्षरे एकदम धावतात आणि मग गती पुन्हा जड होते. विरही यक्षाची घालमेल स्वर लागण्याआधी लयीतच उतरलेली असते.

स्वर आणि रस यांची सांगड नाट्यशास्त्रात आहे; मध्यम-पंचम शृंगार व हास्याला, गांधार-निषाद करुणाला, अशी ती वाटणी. मात्र एकाच रागात आनंदाचीही आणि शोकाचीही पदे बांधली गेली आहेत, त्यामुळे राग निवडला की अर्थ आपोआप उमटतो, असे मानता येत नाही.

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले, तेव्हा साकी, दिंडी अशा ओळखीच्या चालींतून कथानक पुढे सरकत असे. पुढे बैठकीची गायकी नाट्यपदांत शिरली, ताना लांबल्या आणि शब्द मागे पडला. १९३०च्या आसपास बहरू लागलेल्या भावगीताने त्याला पुन्हा पुढे आणले.

नागपूरच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा टप्पा मराठी गझलेचा. सुरेश भट १९३२ साली अमरावतीत जन्मले, पण त्यांचे उत्तरायुष्य नागपुरात गेले, आणि आपली गझल ते तरन्नुममध्ये, म्हणजे सुरेल चालीत, सादर करत. शेरात, म्हणजे गझलेच्या दोन ओळींच्या एककात, अर्थ दोन पावलांनी उलगडतो. पहिली ओळ, म्हणजे उला मिसरा, उत्कंठा निर्माण करते. जाणता गायक ती दोन-तीनदा, दर वेळी निराळ्या शब्दावर वजन देऊन म्हणतो आणि षड्जावर, म्हणजे मूळ ‘सा’वर, विसावू न देता अधांतरी ठेवतो. दुसऱ्या ओळीत काफिया, म्हणजे यमकाचा शब्द, येताच चाल उतरून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, टेकते आणि श्रोत्यांची दाद नेमकी तिथे येते. रदीफ, म्हणजे काफियानंतर जसाच्या तसा येणारा शब्द वा शब्दसमूह, प्रत्येक शेरात त्याच स्वरांनी परततो, तरी आधीच्या शब्दांमुळे त्याचा अर्थ दर वेळी पालटलेला असतो. चाल आणि आशय यांचे इतके सूक्ष्म नाते मला अन्य मराठी गीतप्रकारांत क्वचितच आढळते. म्हणूनच लघू अक्षर तालासाठी ताणले, किंवा श्वास घेण्यासाठी जोडशब्द मध्येच तोडला, तर राग कितीही अनुरूप असला तरी शेर हातचा जातो.