खणाचे घर: सांगाडा आधी, भिंत नंतर

मराठवाड्यात घराचा आकार खणांत सांगत: पाच खणांचे, नऊ खणांचे. खण म्हणजे खांबांमधला एक गाळा. घराचे मोजमाप भिंतीवरून न होता लाकडावरून होत असे, कारण घर बांधायचे ते सुताराने. गवंडी नंतर यायचा.

जमिनीवर दगडी तळखडा, त्यावर सागाचा, कडुलिंबाचा नाहीतर बाभळीचा खांब. तळखड्यामुळे लाकडाला ओल आणि वाळवी लवकर लागत नसे. खांबाच्या टोकाला कुसू काढायचे, वरच्या लाकडात तेवढेच भोक पाडायचे आणि पाचर ठोकून सांधा आवळायचा. वाकस, करवत, पटाशी, गिरमिट एवढ्यावर काम निघे. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि पाट, त्यावर हात-दीड हात मातीचे माळवद, म्हणजे सपाट छप्पर. उन्हाळ्यात त्या मातीची किंमत कळे. शनिवारवाडा (1730-32) हा याच पद्धतीचा श्रीमंती थाट. त्याचे सागवान जुन्नरच्या जंगलातून आले आणि 1828 च्या आगीत त्यातले बहुतेक जळून गेले.

दोन-चार फूट जाड दगडमातीची भिंत ऊन आणि चोर अडवी. माळवदाचा भार मात्र सांगाड्यावर असे. पुढे लाकूड महागले, तशी ओढगस्तीच्या घरांत भिंतीलगतच्या खांबांना काट बसू लागली आणि तुळयांची टोके थेट भिंतीत गेली. ही काटकसर भोवली.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गेलेले बहुतेक लोक भिंतींच्या दगडांखाली आणि माळवदाच्या मातीखाली गाडले गेले. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही पदरांना सांधणारे आरपार दगड नव्हते, म्हणून पदर सुटे होऊन ढासळले. जिथे खणाचा सांगाडा पुरा होता, तिथे भिंत पडूनही माळवद खांबांवर तसेच उभे राहिल्याची उदाहरणे पुष्कळ दिसली.

अभियंत्यांनी दुरुस्तीचे उपाय सांगितले ते या निरीक्षणावरून: माळवदाची माती कमी करा, खांब-तुळईच्या सांध्याला तिरके टेकू द्या, भिंतीत आरपार दगड घाला. उपाय स्वस्त होते, गावच्या सुतार-गवंड्याला जमणारे होते. पण दगडमातीच्या घराची धास्ती इतकी बसली होती की लोकांना सिमेंटचेच घर हवे होते. बावन्न गावे नव्या जागी वसली ती सिमेंट-काँक्रीटची. माझ्या मते दोष भिंतीचा होता, पण भिंतीबरोबर खणही मोडीत निघाला.