जम्बो बॅगचं पोट आणि तिचे कोपरे

टनभर माल मावणारी जम्बो बॅग भरली की मधोमध फुगते. चौकोनी शिवलेली असते, दिसते मात्र घागरीसारखी. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या गोदामात याचं कारण विचारलं तर बहुतेक वेळा ‘कापड हलकं आहे’ हेच उत्तर मिळतं. मग पुढच्या ऑर्डरला जास्त जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरमागे जास्त ग्रॅम वजनाचं, कापड मागवतात. बॅग महाग होते आणि तरीही तेवढीच फुगते. दोष कापडाच्या ताकदीत नसतो, तो भूमितीत असतो.

40 सेंटिमीटर दोऱ्याची गाठ मारून कडं करा. त्याचा चौकोन केला तर आत 100 चौरस सेंटिमीटर जागा मिळते, वर्तुळ केलं तर 127. घेर तेवढाच, जागा सव्वापट. आतला माल सगळीकडून बाहेर रेटत असतो आणि कापड सहज वाकतं, पण ताणलं जवळपास जात नाही. असं कापड जास्तीत जास्त जागा देणाऱ्या आकाराकडेच सरकतं, म्हणजे वर्तुळाकडे. बांबूची कणगी गोल विणतात त्यामागेही हेच बळ आहे. तिच्या गोल भिंतीला वाकायचं कारणच उरत नाही.

आकडे पाहू. गव्हाचा एक घनमीटर साधारण 780 किलोचा धरू. एक मीटर खोलीवर दाण्यांचा आडवा दाब खाली पडणाऱ्या दाबाच्या निम्म्याच्या आसपास असतो. दाण्यांचा थोडा भार भिंतीच्या घर्षणावर जातो, हे यान्सन या जर्मन अभियंत्याने 1895 मध्येच धान्याच्या कोठारांबाबत मांडलं होतं. तो भाग सोडून दिला तरी 115 सेंटिमीटर व्यासाच्या बॅगेत 5 सेंटिमीटर रुंद पट्टीवर जेमतेम 11 किलोचा ताण येतो. विणलेल्या पॉलिप्रॉपिलिनची, म्हणजे बॅगेच्या प्लॅस्टिक कापडाची, तेवढीच पट्टी 100 किलोच्या पुढे तुटते. म्हणजे कापड ताकदीच्या दहाव्या हिश्श्यावर निवांत असतं. ते आणखी जाड केलं तर फुगवटा कसा कमी होणार?

ताण म्हणजे दाब गुणिले वक्रतेची त्रिज्या. सपाट भिंतीची त्रिज्या अनंत, म्हणून भरलेल्या बॅगेची भिंत सपाट ठेवायला अनंत ताण लागेल. जगातलं कुठलंही कापड तो देऊ शकत नाही. सपाट भिंतीचा हट्ट सोडायचा आणि मोठी कमान तोडून तिच्या लहान लहान कमानी करायच्या, एवढंच आपल्या हातात आहे.

हे काम बॅफल करतो. चारही कोपऱ्यांत आतून एकेक तिरपी आडपट्टी उभी शिवलेली असते. तिच्यात गोल भोकं असतात, त्यांतून माल कोपऱ्यात जातो. समजा बाजूचा पन्ना 107 सेंटिमीटर आहे आणि बॅफलची शिलाई कोपऱ्यापासून 36 सेंटिमीटरवर आहे. मग बॅफलची रुंदी किती? दोन्हीकडे 36, म्हणून कर्ण सुमारे 51 सेंटिमीटर. शिलाईत जाणारं कापड वेगळं धरायचं. आता हीच पट्टी 70 सेंटिमीटर ठेवली तर काय होईल? बॅग पूर्ण गोल झाली तरी त्या दोन शिलायांमधलं अंतर 70 च्या आतच राहतं. बॅफल कधी ताणलाच जात नाही. कापड गेलं, शिलाई गेली, बॅग गोलच राहिली. उलट पट्टी 51 पेक्षा बरीच अरुंद कापली तर शिलाईच्या चार रेघा आत खेचल्या जातात आणि बॅग चार पाकळ्यांची होते. सगळा खेळ या सतरा-अठरा सेंटिमीटरमध्ये आहे, त्यामुळे कटिंग टेबलावरची दोन सेंटिमीटरची चूकही आकारात दिसते.

मापं बरोबर असली तरी काटकोनी चौकोन मिळत नाही. शिलाईच्या रेषेवर तीन ताण तोलले जातात: मधल्या भिंतीचा, कोपऱ्यातल्या भिंतीचा आणि बॅफलचा. ते समीकरण सोडवलं तर कोपरा साधारण 26 सेंटिमीटर त्रिज्येची गोलाई घेतो आणि भिंतीच्या रेषेबाहेर चार-साडेचार सेंटिमीटर येतो. 107 चा पन्ना भरल्यावर 115 होतो तो असा. वीस फुटी कंटेनरची आतली रुंदी सुमारे 235 सेंटिमीटर असते, शेजारी शेजारी दोन बॅगा ठेवल्या तर 230 होतात. पन्नाच 115 घेतला तर दोन बॅगा मिळून 245 च्या पुढे जातात. मग हमाल खांद्याने रेटतात आणि कंटेनरच्या भिंतीला घासून शिलाई उसवते.

115 च्या चौरस जागेतला 78.5 टक्के भाग गोल बॅग वापरते, बॅफलची बॅग याच हिशोबाने सुमारे 92 टक्के. एक मीटर उंचीपर्यंत गहू भरला तर एकीत 810 किलो मावतात, दुसरीत 945. दोन थरांत 20 बॅगा धरल्या तर एका कंटेनरमागे पावणेतीन टन जास्त माल जातो. ‘27 टक्के जास्त माल’ असा दावा दिसला तर तो धारदार कोपऱ्यांच्या कागदी चौकोनाचा हिशोब समजावा. खरी वाढ सोळा-सतरा टक्क्यांची असते, आणि तीही मोठीच आहे.

बॅफल फाटतो तो बहुधा भरताना. माल आधी मधे साचतो आणि कोपरे मागे राहतात. बॅफलवर एकाच बाजूने दाब येतो, तो बाहेर फुगतो आणि भिंत आत ओढतो. मग शिलाईच्या वरच्या किंवा खालच्या टोकापासून उसवायला सुरुवात होते. म्हणून टोकांना आडवे टाके भरायचे आणि पहिला एक-तृतीयांश माल सावकाश सोडायचा. खाली कंपन देणारं टेबल असेल तर तिथेच थांबून कोपरे भरून घ्यायचे. बारीक भुकटीत हवा मिसळलेली असते. तेव्हा ती पाण्यासारखी वागते आणि आडवा दाब जवळपास दुप्पट होतो. हवा निघाल्याशिवाय बॅग उचलू नये. भोकांची सर्वांत खालची रांग तळापासून उंच ठेवली तर रिकामी करताना कोपऱ्यात माल अडकतो. ओलसर, गुठळ्या होणारा माल भोकावरच कमान धरतो, अशा मालाला ही बॅग घेऊ नये. आत साधा सैल लायनर, म्हणजे आतली प्लॅस्टिकची पिशवी, टाकला तर तो बॅफलच्या आतच अडकतो आणि चारही कोपरे रिकामे राहतात. अशा बॅगेसाठी बॅफल बसवलेला लायनरच लागतो.

उचलण्याची ताकद हा वेगळा विषय आहे. एकदाच वापरायच्या 1000 किलोच्या बॅगेने चाचणीत 5000 किलो पेलायला हवेत. तो भार लूप, म्हणजे उचलायचे पट्टे, आणि त्यांच्याखालच्या भिंती घेतात, बॅफल त्यात भर घालत नाही.

थप्पी कोसळली की काही ठिकाणी गोदामाच्या दाराला लिंबू-मिरची लटकते. त्याऐवजी ओळंबा आणि टेप आणावा. खालच्या बॅगेचा माथा घुमटासारखा आहे का, तिच्या चारही कोपऱ्यांत माल पोचला आहे का, एका बाजूचा बॅफल उसवला आहे का, हे तपासायला दहा मिनिटं पुरतात. माणसाच्या अंगावर टनभर माल पडण्याचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.