आधी श्रीमंती, मग शाळा-दवाखाने?

‘देश आधी श्रीमंत होऊ द्या, शाळा-दवाखान्यांचं मग बघू’ हा युक्तिवाद वर्षानुवर्षं ऐकू येतो. इतिहासात क्रम बहुतेकदा उलटा दिसतो.

जपानने 1872 मध्ये सार्वत्रिक शिक्षणाचा कायदा केला, तेव्हा तो औद्योगिक देश नव्हताच. दक्षिण कोरिया 1953 च्या युद्धविरामानंतर उद्ध्वस्त होता. तरी 1960 च्या सुमारास तिथली जवळपास सगळी मुलं प्राथमिक शाळेत होती. निर्यातीची घोडदौड त्यानंतरची.

आरोग्याचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतल्या लोकांना ‘आळशी’ म्हणून हिणवलं जायचं. प्रत्यक्षात अनेकांच्या आतड्यांत अंकुशकृमी होते. हे जंत अनवाणी पायांच्या त्वचेतून शिरतात, रक्त शोषतात आणि माणूस सतत थकलेला राहतो. 1910 च्या सुमारास तेलसम्राट उद्योगपती रॉकफेलर यांच्या देणगीतून तपासणी, औषधं आणि संडासांची मोहीम झाली. जिथे जंत जास्त होते तिथे नंतर मुलांची शाळेतली हजेरी अधिक वाढली, आणि मोठेपणी त्यांची कमाईही.

‘आधी श्रीमंती’ हा गैरसमज टिकतो तो सरकारी हिशेबामुळे. पूल बांधला की भांडवली गुंतवणूक, शिक्षकाचा पगार मात्र चालू खर्च!

अर्थात नुसता पैसा ओतून भागत नाही. वर्गात बसूनही वाचता न येणारी मुलं उत्पादकता वाढवत नाहीत. श्रीलंकेत 1945 पासून मोफत शिक्षण आहे, साक्षरताही उत्तम; तरी 2022 मध्ये परकीय चलन संपलं, कारण कर्ज आणि करधोरण चुकलं होतं.