फिक्स्ड गिअर सायकल आणि ब्रेकचा वाद : पार्श्वभूमी

पहिली फिक्स्ड गिअर सायकल जोडायला घेणाऱ्याला फ्रेम, चेन आणि दात्यांची संख्या ठरवण्याआधीच एका प्रश्नाचा निकाल लावावा लागतो : पुढच्या चाकाला ब्रेक बसवायचा की नाही. या सायकलीत मागच्या चाकाच्या हबवरचा, म्हणजे मधल्या भागावरचा, कॉग (चेन चढते ते दात्यांचे चक्र) पक्का आवळलेला असतो. त्यामुळे चाक फिरते तोवर पायडलही फिरत राहतात आणि पायांनी उलटा जोर दिला की वेग उतरतो. या उलट्या जोराला ब्रेक म्हणावे की नाही, यावरून गेल्या दोन दशकांत अमेरिका, जर्मनी, जपान आणि ब्रिटनमध्ये दंड, जप्ती आणि खटले झाले.

मुळात सुरुवातीच्या सायकलींना फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबले तरी चाक फिरू देणारे चक्र, नव्हतेच. १८८५ साली कॉव्हेंट्रीत तयार झालेल्या, मागच्या चाकाला चेनने गती देणाऱ्या सायकलीपासून आजच्या सायकलीचा आकार सुरू होतो, आणि तीही फिक्स्डच होती. त्या काळातल्या अनेक सायकलींच्या पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याला दोन खुंट्या असत. उतारावर गरगर फिरणाऱ्या पायडलांवरून पाय काढून स्वार ते खुंट्यांवर ठेवी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रीव्हील बाजारात आले आणि सर्वसामान्य स्वाराने फिक्स्ड चाकाला रामराम ठोकला. शर्यतींचे जग मात्र सावकाश बदलले. फ्रान्सच्या मोठ्या शर्यतीत चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या गिअरला १९३७ पर्यंत परवानगी नव्हती; चढ आला की खाली उतरायचे, मागचे चाक सोडून उलटे बसवायचे आणि दुसऱ्या बाजूच्या अधिक दात्यांच्या चक्रावर चेन चढवायची, अशी रीत होती. आजही दोन्ही बाजूंना आटे असलेला हब मिळतो, तो याच रीतीचा वारसा आहे.

ब्रेक नसण्याची प्रथा रस्त्यावरच्या या परंपरेतून आलेली नाही, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. ब्रिटनमधील क्लबांचे शर्यतपटू विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हिवाळी सरावासाठी आणि वेळेविरुद्धच्या शर्यतींसाठी फिक्स्ड चाक वापरत, पण रस्त्यावर उतरताना पुढे ब्रेक लावत. तेथील १९८३ चे नियम या व्यवहाराशी जुळतात : फ्रीव्हील असलेल्या मोठ्या सायकलीला दोन स्वतंत्र ब्रेक हवेत, तर फिक्स्ड चाकाच्या सायकलीला पुढच्या चाकावर एक पुरेसा आहे. मागचे चाक पायांनी आवरता येते हे या नियमाने मान्य केले आणि तेवढ्याने भागत नाही हेही त्याच वाक्यात नोंदवले. माझ्या मते या विषयावर लिहिला गेलेला सर्वांत समंजस नियम हाच आहे.

ब्रेकविना सायकल ही व्हेलोड्रोमची, म्हणजे सायकल शर्यतींसाठीच्या लंबगोल धावपट्टीची देणगी आहे. तेथे सर्व स्वार एकाच दिशेने, चाकाला चाक लावून धावतात. एकाने अचानक वेग उतरवला तर मागचे सगळे त्याच्यावर आदळतील, म्हणून ब्रेक नसणे ही तेथे सुरक्षिततेची अट ठरते. जपानमध्ये महायुद्धानंतरच्या पुनर्बांधणीला पैसा उभा राहावा म्हणून १९४८ साली कोकुरा येथे केइरिन ही पैजेची शर्यत सुरू झाली, आणि पैज लावणाऱ्यांना सर्व स्पर्धक समान वाटावेत म्हणून फ्रेमपासून हबपर्यंत प्रत्येक भागाला ठरावीक मानक व शिक्का आला. २००० साली सिडनीत हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये गेला. त्यानंतरच्या वर्षांत निवृत्त केइरिन फ्रेम्स जुन्या बाजारातून अमेरिकेत आणि युरोपात पोहोचल्या, आणि त्यांतल्या अनेकींच्या चिमट्याला ब्रेक बसवायला भोकच नव्हते.

त्याआधी न्यूयॉर्कच्या, सायकलवरून पाकिटे पोहोचवणाऱ्या निरोप्यांनी ही सायकल रस्त्यावर आणून ठेवली होती. १९८० च्या दशकात त्यांची संख्या वाढली. मोडण्यासारखे भाग कमी, देखभाल स्वस्त आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने गंजायला गिअरची यंत्रणाच नाही, हे त्यांचे व्यावहारिक हिशेब होते. १९८७ साली शहर प्रशासनाने मध्य मॅनहॅटनमधील तीन मोठ्या रस्त्यांवर दिवसा सायकलबंदी जाहीर केली, ती न्यायालयात टिकली नाही, पण निरोप्यांचा बंडखोर लौकिक मात्र पक्का झाला. २००० नंतर ज्यांना दिवसभर पाकिटे पोहोचवायची नव्हती अशा तरुणांनी सायकलीसोबत तो लौकिकही उचलला.

वाद पेटला तो इथे. २००६ साली ओरेगनमधील पोर्टलंड शहरात ब्रेक नसल्याबद्दल दंड झालेल्या एका निरोपी तरुणीचे प्रकरण न्यायालयात गेले. राज्याच्या कायद्यात ब्रेकचे वर्णन परिणामावरून केले होते : कोरड्या, सपाट, स्वच्छ रस्त्यावर चाक घसरवता आले पाहिजे. फिक्स्ड चाक पायांनी घसरवता येते, म्हणजे अट पूर्ण झाली, असा बचाव होता. न्यायाधीशांनी तो फेटाळला. ब्रेक ही स्वाराच्या स्नायूंहून वेगळी यंत्रणा असली पाहिजे, असा त्यांचा आशय होता. राजधानी वॉशिंग्टनच्या नियमांनी नेमकी उलट वाट धरली : तेथे फिक्स्ड सायकलीला वेगळ्या ब्रेकची सक्ती नाही. जवळजवळ एकाच शब्दांच्या कसोटीवरून दोन शहरांत दोन टोकांचे निष्कर्ष निघाले. जर्मनीत दोन स्वतंत्र ब्रेकचा नियम होताच. २००९ साली बर्लिनच्या पोलिसांनी मोहीम काढून अशा सायकली जप्त केल्या. जपानमध्ये, जेथे या सायकली बनत होत्या, तेथेही २०११ पासून ब्रेकविना रस्त्यावर येणाऱ्यांवर कारवाईचा जोर वाढला.

सर्वांत गंभीर प्रकरण लंडनचे. फेब्रुवारी २०१६ मध्ये पुढचा ब्रेक नसलेल्या ट्रॅक (धावपट्टीवरच्या शर्यतीच्या) सायकलीची धडक बसून रस्ता ओलांडणारी महिला मरण पावली. पुढच्या वर्षी तरुण स्वार सदोष मनुष्यवधाच्या आरोपातून सुटला, पण घोडागाड्यांच्या काळातल्या, १८६१ च्या कायद्यातील बेफाम हाकण्याच्या कलमाखाली दोषी ठरून त्याला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. सायकलस्वारांसाठी स्वतंत्र कडक कायदा हवा या मागणीने त्यानंतर जोर धरला. ब्रेक असता तर ती महिला वाचली असती का, यावर खटल्यात दोन बाजू होत्या. भौतिकशास्त्रात तेवढी दुविधा नाही. थांबताना भार पुढे सरकतो, मागचे चाक हलके होते, आणि केवळ मागच्या चाकाने मिळणारा रोध पुढच्या ब्रेकच्या साधारण निम्माच भरतो. स्किड, म्हणजे चाक पायांनी अडवून घसरवणे, दिसायला दिमाखदार असले तरी घसरणारे टायर फिरत्या टायरपेक्षा कमी पकड देते.

नवा जोडणारा स्किडचा विचार करतो तेव्हा दात्यांचे गणितही येते. पुढे ४८ आणि मागे १६ दाते घेतले तर पायडलांच्या एका फेऱ्यात चाकाचे नेमके तीन फेरे होतात, त्यामुळे एकाच पायाने स्किड करणाऱ्याचे टायर दर वेळी एकाच जागी झिजते. ४६ आणि १७ घेतले तर झीज सतरा जागी विभागते. आपल्याकडे बहुतेकांचा पहिला प्रयोग घरातल्या जुन्या काळ्या सायकलीवर होतो, आणि तो सोपाही वाटतो, कारण तिच्या मागच्या फ्रेमच्या खाचा आडव्या असल्याने चाक मागेपुढे सरकवून चेन ताणता येते. अडचण हबमध्ये आहे. खऱ्या ट्रॅक हबवर कॉगच्या बाहेर उलट्या आट्यांची लॉकरिंग, म्हणजे कॉग जागी धरणारी कडी, बसते; पायांनी मागे जोर दिला की कॉग सुटू पाहतो आणि त्याच हालचालीने लॉकरिंग अधिक आवळली जाते. फ्रीव्हीलच्या साध्या हबवर ते उलटे आटे नसतात. त्यावर कॉग कितीही घट्ट चढवला किंवा सुलट्या आट्यांची रिंग लावली तरी जोराच्या उलट्या दाबाने तो सुटू शकतो, आणि तो सुटतो नेमका थांबण्याच्या क्षणी. शिवाय या सायकलींच्या अनेक रिमा अशा घडणीच्या असतात की दांड्यांचा ब्रेक आतून रिमेवर दाबला जातो. तो काढून टाकला तर बाजूने पकडणारा कॅलिपर ब्रेक त्या गोलसर कडेवर नीट बसत नाही. म्हणून रूप साधे दिसावे यासाठी पुढच्या दांड्या उतरवण्याआधी रिम बदलावी लागते, आणि रिम बदलायची नसेल तर दांड्या आहेत तिथेच ठेवाव्या लागतात.