नकाराचं बहुमत

‘हिटलर बहुमतानं निवडून आला होता’ हे वाक्य निवडणुका आल्या की हमखास फिरू लागतं. ते चूक आहे. मोकळ्या वातावरणात झालेल्या एकाही निवडणुकीत नाझी पक्षाला बहुमत मिळालं नाही. जुलै १९३२ मध्ये तो ऐन भरात होता, तेव्हाही त्याला ३७.३ टक्के मतं आणि ६०८ पैकी २३० जागा मिळाल्या. नोव्हेंबरमध्ये जागा १९६ वर आल्या.

दुसरा समज असा, की नाझी महागाईमुळे वर आले. नोटांची रद्दी झाली ती १९२३ मध्ये. १९२८ मध्ये नाझींना फक्त २.६ टक्के मतं होती. त्यांची लाट आली ती महामंदीत, सरकार खर्चाला कात्री लावत असताना. १९३२ च्या सुरुवातीला सुमारे साठ लाख लोक बेकार होते.

पण बेकारी अमेरिकेतही होती. जर्मनीत संसदच का निकामी झाली, हे कळायला १९१९ च्या वायमार राज्यघटनेतली तीन कलमं एकत्र वाचावी लागतात. कलम ४८ नुसार राष्ट्राध्यक्ष आणीबाणीत वटहुकूम काढू शकत होते. राइशस्टागला, म्हणजे संसदेला, तो साध्या बहुमतानं रद्द करता येई. हा लगाम पुरेसा वाटतो. पण कलम २५ नुसार राष्ट्राध्यक्ष संसदच विसर्जित करू शकत, आणि कलम ५३ नुसार चान्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, नेमणारेही तेच. जुलै १९३० मध्ये नेमकं हेच घडलं. चान्सेलर ब्र्युनिंग यांचं अंदाजपत्रक संसदेनं फेटाळलं, ते वटहुकमानं लागू झालं, संसदेनं वटहुकूम रद्द केला, तर राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी संसदच बरखास्त केली. सप्टेंबरच्या निवडणुकीत नाझी १२ जागांवरून १०७ वर गेले.

आता जुलै १९३२ ची बेरीज करा. नाझी २३०, कम्युनिस्ट ८९, एकूण ३१९. बहुमताला ३०५ पुरेसे. हे दोघे एकमेकांचे हाडवैरी, मिळून सरकार बनवणं अशक्य. पण दुसऱ्या कुणालाही पाडायला दोघांची मतं पुरत होती. अध्यक्षाला हटवण्यावर सगळ्यांचं एकमत, पण नवा अध्यक्ष कोण यावर कुणाचंच नाही, अशी हाउसिंग सोसायटी डोळ्यांपुढे आणा. १२ सप्टेंबरला चान्सेलर पापेन यांच्यावर कम्युनिस्टांनी अविश्वास ठराव आणला, नाझींनी त्याला मत दिलं आणि तो ५१२ विरुद्ध ४२ असा मंजूर झाला. त्या वर्षी संसदेनं अवघे ५ कायदे केले. वटहुकूम निघाले साठाच्या वर. संसद थांबली की सत्ता राष्ट्राध्यक्षांच्या भोवतालच्या मूठभर लोकांकडे सरकते. त्यांनीच, त्यात पापेनही आले, ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलरला चान्सेलर केलं. त्याच्याशिवाय मंत्रिमंडळात नाझी दोनच, म्हणून तो आपल्या मुठीत राहील असा त्यांचा हिशेब होता.

नोस्त्रादामसचं भाकीत, हिटलरची संमोहनशक्ती वगैरे गोष्टी आजही चवीनं सांगितल्या जातात. त्या निव्वळ भाकडकथा आहेत, आणि पापेनसारख्या माणसांची जबाबदारी त्या पुसून टाकतात.

पुढचं झपाट्यानं झालं. २७ फेब्रुवारीला संसद भवनाला आग लागली. दुसऱ्याच दिवशी कलम ४८ खाली नागरिकांचे मूलभूत हक्क स्थगित झाले. दहशतीच्या छायेत झालेल्या ५ मार्चच्या निवडणुकीतही नाझी ४३.९ टक्क्यांवरच अडले. २३ मार्चला मंत्रिमंडळालाच कायदे करण्याचा अधिकार देणारा कायदा ४४४ विरुद्ध ९४ मतांनी संमत झाला. कम्युनिस्ट खासदार तुरुंगात, भूमिगत किंवा परागंदा होते. विरोधातली सर्व ९४ मतं समाजवादी लोकशाही पक्षाची होती.

फक्त पाडू शकणाऱ्या नकाराच्या बहुमतावर १९४९ च्या पश्चिम जर्मन घटनेनं कलम ६७ मध्ये तोड काढली: नवा चान्सेलर बहुमतानं निवडल्याखेरीज जुन्याला काढता येत नाही. १९७२ मध्ये चान्सेलर विली ब्रांट यांना हटवण्याचा प्रयत्न याच अटीवर दोन मतांनी फसला. १९८२ मध्ये हेल्मुट श्मिट गेले, तेव्हा त्यांच्या जागी हेल्मुट कोल त्याच मतदानातून निवडले गेले होते.