इंजिन ऑइलची निवड : कोकण किनाऱ्यावरील पिकअप वाहने

पिकअपच्या इंजिनात किती दाट आणि कोणत्या प्रतीचे वंगण तेल घालायचे, हे हवामान, भार, रस्ता आणि इंजिन कोणत्या काळातले आहे, एवढे पाहून ठरवावे लागते. कोकणात हा विषय निघाला की आधी उकाड्याची गोष्ट होते आणि उकाडा आहे म्हणून ऑइल जाड हवे, हे पाठोपाठ येतेच. हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकतो. किनारपट्टीवर इंजिन ऑइल उकाड्याने फारसे बिघडत नाही. त्याचे आयुष्य खातात ते घाट, ओलावा आणि जवळजवळच्या फेऱ्या.

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत मालवाहतुकीचा मोठा भार छोट्या आणि मध्यम पिकअपवर आहे. बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, अशोक लेलँडचा दोस्त आणि २००५ साली आलेला, ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखला जाणारा टाटा एस ही त्यांतली नेहमी दिसणारी नावे. एकच गाडी मार्चपासून हापूसच्या पेट्या वाशीच्या बाजारात नेते, मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरावरून बर्फातली मासळी उचलते आणि एरवी चिरे, वाळू, सिमेंट वाहते. ऑइल निवडताना ही कामे नजरेसमोर असायला हवीत.

आकड्यांचा अर्थ

डब्यावरचे १५डब्ल्यू-४०, ५डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-५० हे आकडे ‘एसएई’ या अभियंत्यांच्या संस्थेच्या वर्गीकरणाचे आहेत. संस्था १९०५ ची, ऑइलचे तिचे पहिले वर्गीकरण १९११ चे. आकडा म्हणजे तापमान नव्हे आणि प्रतही नव्हे. तो फक्त दाटपणाचा, म्हणजे श्यानतेचा वर्ग सांगतो. ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याच्या इंग्रजी शब्दातले. त्याच्या आधीचा आकडा गारठ्यात इंजिन फिरवताना ऑइल किती अडवते ते सांगतो. १५डब्ल्यू ऑइलची ही चाचणी उणे २०° से.ला, १०डब्ल्यूची उणे २५°ला आणि ५डब्ल्यूची उणे ३०°ला होते. मागचा आकडा तापलेल्या इंजिनातला दाटपणा दाखवतो. १००° से.ला ‘३०’ वर्गाचे ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (हे दाटपणाचे एकक), ‘४०’ वर्गाचे १२.५ ते १६.३ आणि ‘५०’ वर्गाचे १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक या मर्यादांत असावे लागते.

कोकणातल्या थंडीचे माप घरच्या खोबरेलाच्या बाटलीत दिसते. खोबरेल साधारण २४° से.च्या खाली थिजू लागते, आणि डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी ते बाटलीत पांढरे झाले की ‘यंदा थंडी आहे’ असे म्हटले जाते. दापोलीसारख्या उंचावरच्या जागी पारा क्वचित १०°च्या आसपास उतरतो. १५डब्ल्यू ऑइलच्या दृष्टीने हा गारठाच नव्हे. द्रास किंवा लेहमध्ये, जिथे हिवाळ्यात पारा उणे २०°च्या जवळ वा खाली जातो, तिथे हेच ऑइल काकवीसारखे जड होते, बॅटरीचा जीव जातो आणि पंपाला ते वर खेचता येत नाही. तिथे ५डब्ल्यू किंवा ०डब्ल्यू लागते. निफाडला थंडीच्या लाटेत पारा ५°च्या खाली जातो तेव्हाही १५डब्ल्यू निभावून नेते. तेव्हा फक्त कोकणात फिरणाऱ्या गाडीसाठी पहिल्या आकड्यावर डोके शिणवण्याचे कारण नाही.

यातून पहिला आकडा निरर्थक ठरत नाही. पहाटे चार वाजता बंदरावर गाडी सुरू होते तेव्हा ऑइल २५°ला असते, आणि २५°चे ऑइल १००°च्या ऑइलपेक्षा कितीतरी पटींनी दाट असते. साध्या १५डब्ल्यू-४० ऑइलचा दाटपणा ४०°ला सुमारे ११० सेंटिस्टोक भरतो, १००°ला तोच चौदा-पंधरावर येतो. इंजिनाची बरीच झीज या पहिल्या काही मिनिटांत होते. ५डब्ल्यू ऑइल या वेळी हलके असल्यामुळे टर्बोपर्यंत, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्यापर्यंत, लवकर पोचते. निर्मात्याने ते सांगितले असेल तर ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो’ म्हणून ते नाकारू नये.

उकाडा आणि घाट

बाहेर ३५° असो वा २०°, थर्मोस्टॅट इंजिनातले पाणी सुमारे ८० ते ९०°च्या आसपास राखतो आणि ऑइल त्याच्या थोडे वर-खाली राहते. किनाऱ्यावरच्या मे महिन्याने ऑइल उकळत नाही. ते तापते चढावर. सावंतवाडीहून आंबोलीला जाताना तीसेक किलोमीटरमध्ये रस्ता सुमारे ६९० मी. उंचीवर पोचतो, फोंडा, करूळ, आंबा, कुंभार्ली हेही घाट याच जातीचे. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, पेट्यांचे दोन थर चढवलेले, वेग वीस-पंचवीस, म्हणजे समोरून येणारा वारा नाहीच. अशा वेळी ऑइल १२०°च्या पुढे जाऊ शकते आणि बेअरिंगमधला त्याचा थर पातळ होतो. येथे १००°चा दाटपणा पुरेसे सांगत नाही. १५०°ला, जोरात घासले जात असतानाचा दाटपणा बघावा लागतो. वर्गीकरणानुसार १५डब्ल्यू-४० ऑइलला तो किमान ३.७ मिलिपास्कल-सेकंद, तर ‘३०’ वर्गाला २.९ असावा लागतो. मात्र सगळे ‘३०’ सारखे नसतात : युरोपातील वाहननिर्मात्यांच्या ‘एसीईए’ या संघटनेच्या ‘सी३’ प्रतीच्या ५डब्ल्यू-३०ला हा आकडा किमान ३.५ ठेवावाच लागतो. ‘तीस नंबर म्हणजे पाणी’ हे गॅरेजमधले वाक्य म्हणून अर्धेच खरे.

२०डब्ल्यू-५०चे आकर्षण जुने आहे. रिंगा आणि बोर घासलेली, ऑइल खाणारी गाडी या जाड ऑइलवर काही महिने गप्प बसते, धूर कमी सोडते, दाब बरा दाखवते. मेस्त्रीने तो उपाय म्हणून सांगितला तर त्यात गैर नाही. इंजिन उघडण्याचा खर्च पुढे ढकलला जातो, एवढा त्याचा अर्थ. चांगल्या इंजिनात मात्र तेच ऑइल बारीक फटींतून सावकाश सरकते, डिझेल जास्त जाळते आणि घुसळण्यातच स्वतःला तापवते. घाटात गाडी तापते म्हणून जाड ऑइल घातले तर रेडिएटरमधला गाळ आणि सैल पट्टा तसाच राहतो, आणि तापण्याचे खरे कारण बहुधा तिथेच असते.

ज्यांच्या घरी नौकाही आहे आणि पिकअपही, तिथे नौकेच्या इंजिनासाठी आणलेले एकेरी वर्गाचे, म्हणजे ‘डब्ल्यू’चा आकडा नसलेले, ‘चाळीस नंबर’ गाडीत ओतण्याचा मोह होतो. एकसारख्या वेगाने तासन्‌तास चालणाऱ्या, जुन्या घडणीच्या इंजिनाला ते चालते. थांबत-चालत जाणाऱ्या टर्बो पिकअपचे ते काम नव्हे.

प्रत आणि बीएस-६

दाटपणा बरोबर निवडला आणि प्रत चुकली, तर आता नुकसान मोठे होते. अमेरिकेतील ‘एपीआय’ या पेट्रोलियम उद्योगाच्या संस्थेच्या खुणेत डिझेल ऑइलची अक्षरे ‘सी’पासून सुरू होतात : सीएच-४ (१९९८), सीआय-४ (२००२), सीजे-४ (२००६), सीके-४ (डिसेंबर २०१६). देशभर गाड्यांच्या धुरासाठीचे बीएस-४ मानक १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ मानक १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. डिझेलमधील गंधक ५० भाग प्रतिदशलक्षवरून १०वर आले आणि बीएस-६ डिझेल गाड्यांत धूर गाळणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, आली. ऑइलमधील धातूंची संयुगे जळून राख होते आणि ती या जाळीत कायमची अडकते. काजळी जाळता येते, राख जाळता येत नाही. म्हणून डीपीएफ असलेल्या गाडीत कमी राखेचे ऑइल, म्हणजे सीजे-४, सीके-४ किंवा एसीईएच्या ‘सी’ गटातले, पुस्तिकेत जे दिले असेल तेच घालावे. जुन्या गाडीचे उरलेले सीआय-४ नव्या गाडीत ओतणे ही कोकणातल्या काटकसरी स्वभावाला साजेशी पण फार महाग पडणारी चूक आहे.

जाळीतली काजळी जाळण्यासाठी गाडी अधूनमधून जास्तीचे डिझेल सोडून धुराड्याकडचे तापमान वाढवते. बंदर ते बाजार अशा पाच-सात किलोमीटरच्या फेरीत हे काम अर्ध्यावर राहते. काही गाड्यांत न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरते. ऑइल पातळ होते आणि ऑइल मोजायच्या पट्टीवरची पातळी वाढते. पट्टीवर ऑइल वाढलेले दिसले तर ती बरकत समजू नये. ते लवकर बदलावे आणि आठवड्यातून एकदा गाडी महामार्गावर अर्धा-पाऊण तास सलग पळवावी.

ओलावा, मीठ आणि पूर

जून ते सप्टेंबर या काळात दमट हवा इंजिनात जाते-येते. शिवाय डिझेल जळताना पाण्याची वाफ तयार होतेच. इंजिन पूर्ण तापले तर ही वाफ निघून जाते. छोट्या फेऱ्यांत ती चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्याच्या, थंड पत्र्यावर जमते आणि ऑइल ओतायच्या झाकणाच्या आत दुधावरच्या सायीसारखा थर दिसतो. नुसता झाकणालाच थर असेल आणि पट्टीवरचे ऑइल स्वच्छ असेल तर लांबच्या एका फेरीने तो जातो. पट्टीवरचेच ऑइल दुधाच्या चहाच्या रंगाचे झाले तर हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर फुटला आहे का, ते पाहावे. पाणी आणि ज्वलनातली आम्ले मिळून बेअरिंग खातात. या आम्लांना मारण्यासाठी ऑइलमध्ये अल्कधर्मी द्रव्ये असतात, आणि पावसाळी छोट्या फेऱ्यांत ती किलोमीटर कमी भरले तरी संपत येतात.

खारी हवा ऑइल नासवते, असा समज किनाऱ्यावर आहे. तिचा मारा बाहेरून असतो. मासळीच्या क्रेटमधून गळणारे खारट बर्फपाणी चेसीवर आणि ऑइलच्या चेंबरवर ठिबकत राहते, पत्र्याला गंज चढतो, तळाचा नट जाम होतो आणि फिल्टरच्या डबीला बारीक भोके पडतात. ऑइल बदलताना नटाची तांब्याची वॉशर नवी घालणे आणि चेंबर गोड्या पाण्याने धुऊन घेणे येथे निवडीइतकेच मोलाचे ठरते.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले तेव्हा दारात उभ्या असंख्य गाड्या छतापर्यंत पाण्यात होत्या. बुडालेली गाडी सुरू करून पाहण्याची घाई सगळ्यात घातक. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरी काढायची, चेंबरचा नट सोडून पाणी आणि ऑइल उतरवायचे, फिल्टर बदलायचा, सिलिंडर मोकळे करून इंजिन हाताने फिरवून पाहायचे. मग स्वस्तातले पण योग्य वर्गाचे ऑइल भरून थोडा वेळ चालवायचे आणि तेही काढून टाकायचे. खरे ऑइल त्यानंतर. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे ऑइल लोक विसरतात, आणि पूर ओसरल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी तेच आवाज करू लागतात.

बदलाची वेळ

पुस्तिकेतला किलोमीटरचा आकडा सामान्य वापरासाठी असतो; भार, धूळ आणि छोट्या फेऱ्या असल्या तर बहुतेक पुस्तिका ‘कठीण वापर’ म्हणून मुदत कमी करायला सांगतात. कोकणातली पिकअप त्याच खान्यात बसते. चिरेखाणीवर जाणाऱ्या गाडीत जांभ्याची तांबडी धूळ एअर फिल्टरच्या सैल जोडातून आत शिरते आणि ऑइल घासणीच्या पावडरीसारखे वागू लागते. तिथे महागाच्या ऑइलपेक्षा शंभर रुपयांची नळीची क्लिप जास्त कामाची.

इथे किलोमीटरपेक्षा हंगाम धरून ऑइल बदलणे सोयीचे : एकदा आंब्याची पहिली पेटी निघण्याआधी, एकदा पावसाळा सरल्यावर. मासळीच्या गाड्यांचा हिशेब वेगळा. साधारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते आणि अनेक गाड्या दोन महिने शेडमध्ये उभ्या राहतात. वापरलेले, आम्ल धरलेले ऑइल घेऊन उभी राहण्यापेक्षा बंदीच्या आधीच ते बदललेले बरे. मधूनमधून ‘बॅटरीसाठी’ दहा मिनिटे जागेवर गाडी सुरू ठेवण्याने ओलावा वाढतोच. काढायचीच असेल तर वीस-तीस किलोमीटर फिरवून आणावी.

काळे झालेले ऑइल खराब, हा समज डिझेल गाडीला लागू पडत नाही. काजळी पोटात धरून ठेवणे हे ऑइलचे कामच आहे, त्यामुळे ते काही दिवसांत काळे पडते. बोटांत चोळून दाटपणा ओळखण्याची कलाही थोडी मनाचीच समजूत : बोटाला कळतो तो ३०°चा दाटपणा, इंजिनाला हवा असतो तो १००°चा. बनावट मालाची भीती मात्र खरी आहे. सील पाहूनच डबा घ्यावा आणि रिकामा डबा भंगारात देण्याआधी खिळ्याने भोसकावा.

उतरवलेल्या ऑइलला इकडे ‘जळकं ऑइल’ म्हणतात. वाळवी लागू नये म्हणून ते गोठ्याच्या वाशांना, कुंपणाच्या खांबांना चोपडण्याची रीत आहे. २०१६ च्या घातक कचऱ्याविषयीच्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेले ऑइल नोंदणीकृत पुनर्शुद्धीकरण करणाऱ्यांकडेच जायला हवे. त्यात जड धातू आणि काजळीतली कर्करोगजनक संयुगे असतात, आणि जांभ्याच्या सच्छिद्र जमिनीत कुंपणाच्या मुळाशी ओतलेले ऑइल पहिल्याच पावसात खाली पाझरू लागते. परसातली विहीर अनेकदा त्याच कुंपणापासून दहा-पंधरा पावलांवर असते.