ई-कचऱ्यातील प्लास्टिक: मागच्या झाकणावरची ओळख

भंगारात निघालेल्या दूरचित्रवाणी संचाचे किंवा प्रिंटरचे मागचे झाकण उलटे करून पाहिले, तर आतल्या बाजूला, एखाद्या कोपऱ्यात, बाणाच्या टोकांसारख्या दोन खुणांमध्ये उठावाची बारीक रोमन अक्षरे दिसतात. मराठीत ती ‘पीसी+एबीएस-एफआर(४०)’ अशी लिहिता येतील. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार कोरलेली ही त्या झाकणाची ओळख होय. पॉलिकार्बोनेट आणि एबीएस या दोन प्लास्टिकांचे मिश्रण, आणि त्यात आग रोखण्यासाठी घातलेले, ब्रोमीन वा क्लोरीन नसलेले फॉस्फरसचे सेंद्रिय संयुग, एवढी माहिती त्या एका ओळीत सामावलेली असते. कंसातला आकडा १७ असता, तर ब्रोमीनचे संयुग अँटिमनीच्या संयुगाच्या जोडीने वापरले आहे, असा अर्थ झाला असता. या झाकणाचे पुढे काय होऊ शकते, हे बहुतांशी याच माहितीवर ठरते. परंतु पुनर्चक्रणाच्या कारखान्यात माल पोहोचतो तेव्हा ती ओळ वाचायला सहसा कोणी नसते.

त्याचे कारण प्रमाणात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक ई-कचरा अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रण झाल्याची नोंद केवळ २२.३ टक्क्यांची आहे. या ढिगात १.७ कोटी टन, म्हणजे चौथ्या हिश्शाहून अधिक, प्लास्टिक होते. तांबे, सोने, पॅलेडियम यांच्या किमतीमुळे धातूंकडे सर्वांचे लक्ष जाते, आणि प्लास्टिक हे धातू काढून घेतल्यावर मागे उरलेले काहीतरी ठरते. उपकरणे मोठ्या दळणयंत्रांत भरडली जातात, चुंबकाने लोखंड आणि अन्य उपायांनी तांबे व ॲल्युमिनियम वेगळे होते, आणि शेवटी नखाएवढ्या रंगीबेरंगी तुकड्यांचा ढीग समोर येतो. झाकणावरची ती ओळ या भरडण्यात नाहीशी झालेली असते.

हे तुकडे एकत्र वितळवून नवी वस्तू का ओतू नये, असा प्रश्न कोणालाही पडेल. उपकरणांत प्रामुख्याने एबीएस, हिप्स नावाचे आघातसह पॉलिस्टायरीन, पॉलिकार्बोनेट आणि पॉलिप्रॉपिलीन ही प्लास्टिके असतात आणि तारांवर पीव्हीसी असते. त्यांचे लांबच लांब रेणू बहुधा एकमेकांत मिसळत नाहीत. पॉलिकार्बोनेट आणि एबीएस यांची जोडी चांगली जमते, म्हणून तर त्यांचे मिश्रण मुद्दाम बनवले जाते; पण एबीएस आणि हिप्स, दिसायला जवळजवळ सारखे असूनही, एकत्र वितळवले तर थंड झाल्यावर त्यांचे सूक्ष्म थेंब वेगवेगळे राहतात आणि त्यांच्या सीमांवरच वस्तू तडकते. असा माल उपकरणाच्या पेटीसाठी कामाचा राहत नाही.

म्हणून खरे कसब निवडण्यात लागते, आणि त्याची सुरुवात आश्चर्य वाटावे इतक्या साध्या साधनाने, पाण्याच्या हौदाने होते. पॉलिप्रॉपिलीनची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे ०.९ ग्रॅम असल्याने ते तरंगते आणि बाकी बहुतेक प्लास्टिके बुडतात. मग पाण्यात क्षार विरघळवून त्याची घनता १.१ च्या आसपास नेली, की साधे एबीएस आणि साधे हिप्स वर येतात, कारण दोघांची घनता १.०५ च्या जवळपास असते. पीव्हीसी, पॉलिकार्बोनेट आणि ब्रोमीनच्या जड अणूंनी वजनदार झालेले प्लास्टिक तळाशी जाते. या पद्धतीची खोच अशी, की आरंभी सांगितलेले फॉस्फरसयुक्त मिश्रण, म्हणजे नव्या उपकरणांतील तुलनेने निर्धोक प्लास्टिक, पॉलिकार्बोनेटमुळे जड असते आणि ब्रोमीनवाल्या मालाबरोबरच बुडते. निव्वळ घनतेवर विसंबून राहिल्यास चांगला मालही त्याच्याबरोबर वाया जातो. अशा ठिकाणी क्षकिरणांचा आधार घ्यावा लागतो. कार्बनचा अणुक्रमांक ६ आणि ब्रोमीनचा ३५ असल्याने ब्रोमीनयुक्त तुकडा क्षकिरण कितीतरी अधिक प्रमाणात शोषतो, आणि धावत्या पट्ट्यावरचा असा तुकडा हवेच्या झोताने बाजूला उडवता येतो.

वर तरंगलेले एबीएस आणि हिप्स एकमेकांपासून वेगळे करण्यासाठी घर्षणाची मदत होते. कोरडे तुकडे परस्परांवर घासले असता एकावर धन आणि दुसऱ्यावर ऋण विद्युतभार येतो, आणि उच्च दाबाच्या विद्युतक्षेत्रातून खाली पडताना ते विरुद्ध दिशांना वळतात. अन्न वेष्टनांच्या प्लास्टिकसाठी सर्रास वापरली जाणारी निकट-अवरक्त प्रकाशाने ओळखण्याची पद्धत मात्र येथे अडखळते. उपकरणांचे प्लास्टिक पुष्कळदा काळे असते, आणि तो काळा रंग देणारी काजळी हा प्रकाश स्वतःच गिळून टाकते, त्यामुळे यंत्राला परत येणाऱ्या प्रकाशातून काहीच वाचता येत नाही. केवळ रंगाच्या आवडीपायी एक उत्तम तपासणी निरुपयोगी व्हावी, ही गोष्ट मला या संपूर्ण विषयात सर्वांत अधिक खटकते, कारण काजळीऐवजी दुसरी काळी रंगद्रव्ये वापरणे शक्य आहे.

ब्रोमीनची एवढी धास्ती का, हे नीट समजून घेतले पाहिजे. प्लास्टिक हे मूलतः खनिज तेलाचे अपत्य असल्याने ते जोमाने जळते, आणि विद्युत उपकरणात तापणारे भाग व ठिणगीची शक्यता दोन्ही असते. ज्योत जिवंत राहते ती हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल यांच्या अतिशय क्रियाशील मूलकांच्या, म्हणजे रेणूंतून सुट्या झालेल्या अणूंच्या वा अणुगटांच्या, बळावर. ब्रोमीनयुक्त ज्वालारोधक तापला, की त्यातून निघणारे हायड्रोजन ब्रोमाइड ही मूलके टिपून घेते आणि ज्योत मरते. अँटिमनीचे ऑक्साइड ब्रोमीनला वायुरूपात ज्योतीपर्यंत पोहोचवून त्याचा प्रभाव वाढवते. या रसायनांनी आगी रोखल्या, हे त्यांचे ऋण नाकारता येणार नाही. परंतु जुन्या दूरचित्रवाणी संचांच्या हिप्समध्ये त्यांचे प्रमाण दर १०० किलोंमागे १० किलोंहून अधिक असे, आणि त्यांतील पीबीडीई नावाचा गट निसर्गात टिकून राहणारा, प्राण्यांच्या चरबीत साचणारा आणि शरीरातील संप्रेरकांच्या कार्यात ढवळाढवळ करणारा निघाला. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून नव्या उपकरणांत या गटावर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. निसर्गात टिकून राहणाऱ्या सेंद्रिय प्रदूषकांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात त्यांतील काही संयुगांचा २००९ मध्ये आणि डेका-बीडीई या संयुगाचा २०१७ मध्ये समावेश झाला.

बंदी आली, तरी त्याआधी बनलेली उपकरणे घरांतून आणि कार्यालयांतून आजही बाहेर पडत आहेत. निवड न करता त्यांचे प्लास्टिक वितळवले गेले, तर ज्वालारोधक जिथे त्याचे काहीच काम नाही अशा वस्तूंत जाऊन बसतो. काळ्या प्लास्टिकची खेळणी आणि स्वयंपाकघरातील काळे डाव-झारे तपासले असता त्यांत ब्रोमीनयुक्त ज्वालारोधकांचे अंश सापडले आहेत, आणि ते तेथे मुद्दाम कोणी घातले असण्याचे कारण नाही. याहून वाईट प्रकार म्हणजे तांब्यासाठी तारा आणि पेट्या उघड्यावर जाळणे. अशा कमी तापमानाच्या, धुमसत्या आगीत हॅलोजनयुक्त, म्हणजे क्लोरीन वा ब्रोमीन असलेल्या, प्लास्टिकपासून डायॉक्सिन वर्गातील अत्यंत विषारी संयुगे तयार होतात आणि तांबे स्वतःच त्या क्रियेला उत्प्रेरक ठरते. चीनमधील ग्वीयू आणि घानातील आग्बोग्ब्लोशी ही नावे जगाला माहीत झाली ती ई-कचऱ्याच्या अशा हाताळणीमुळे, आणि तो धूर छातीत घेणाऱ्यांत लहान मुलेही होती.

तळाशी बुडालेल्या दूषित मालाचे काय करायचे, याचे बरे उत्तर विद्रावकांत सापडू लागले आहे. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी विकसित केलेल्या क्रियासॉल्व पद्धतीत निवडलेल्या विद्रावकात हवे ते प्लास्टिक विरघळवतात, न विरघळलेली घाण गाळून टाकतात, ज्वालारोधक द्रावणातून वेगळा करतात आणि शुद्ध प्लास्टिक पुन्हा घनरूपात आणतात. विद्रावक फिरून वापरात येतो. या सगळ्यात रेणूंच्या साखळ्या तुटत नाहीत, हा त्यातला मोठा लाभ आहे. याउलट हवेशिवाय तापवून प्लास्टिकचे तेल करण्याच्या पद्धतीत साखळ्या मोडतात, आणि एबीएससारख्या मालातून निघणाऱ्या तेलात ब्रोमीनची व नायट्रोजनची संयुगे उतरतात, जी पुढे काढून टाकावीच लागतात.

शुद्ध केलेले प्लास्टिकही नव्यासारखे असतेच असे नाही. पांढुरक्या रंगाचे जुने संगणक पिवळे पडलेले आपण पाहतो. एबीएसला चिवटपणा देणारे रबराचे सूक्ष्म कण प्रकाश आणि प्राणवायू यांच्या माऱ्याने कडक होतात, आणि उष्णतेत पुन्हा वितळवताना साखळ्यांची लांबीही घटते. म्हणून दाणे पाडताना त्यांत थोडे नवे प्लास्टिक, चिवटपणा वाढवणारे रबर आणि स्थिरीकारके मिसळावी लागतात. एवढी काळजी घेतली, तर हा माल पुन्हा उपकरणाच्याच पेटीत जाऊ शकतो. जुन्या उपकरणांच्या प्लास्टिकपासून बनलेले सुटे भाग असलेला संगणक डेल कंपनीने २०१४ मध्येच बाजारात आणला होता. सिडनीतील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात वीणा सहजवाला यांच्या गटाने २०१८ मध्ये सुरू केलेल्या छोटेखानी ई-कचरा कारखान्यात याच प्लास्टिकपासून त्रिमितीय छपाईसाठी लागणारा धागा काढला जातो. उपकरणाचे प्लास्टिक उपकरणातच परतावे, हा आग्रह मला महत्त्वाचा वाटतो, कारण तेथे त्याच्या घटकांची कसून तपासणी होते, तर कुंड्या आणि खेळणी यांत गेलेल्या प्लास्टिकचा माग कोणीच ठेवत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न उरतो तो हिरव्या सर्किट बोर्डाचा. तो काचतंतूंच्या कापडावर एपॉक्सी राळ चढवून बनवतात, आणि ही राळ एकदा घट्ट झाली की कितीही तापवली तरी वितळत नाही; तिच्या साखळ्या आडव्या बंधांनी कायमच्या जखडलेल्या असतात. फ्रान्समधील लुडविक लिब्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये व्हिट्रिमर नावाचे निराळ्या प्रकारचे प्लास्टिक मांडले. त्यातही जाळे असते, पण पुरेशी उष्णता मिळताच त्याचे बंध जोडीदार बदलू लागतात, बंधांची एकूण संख्या कमी न होता. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये अशा व्हिट्रिमरचे सर्किट बोर्ड तयार करून दाखवले. योग्य विद्रावकात ठेवले असता ती राळ विरघळत नाही, तर फुगून जेलीसारखी मऊ होते. तिच्यातून इलेक्ट्रॉनिक भाग आणि काचतंतूंचे कापड अखंड सोडवून घेता येते. प्रयोगात ९८ टक्के व्हिट्रिमर, सगळे काचतंतू आणि ९१ टक्के विद्रावक परत मिळाले, आणि त्याच साहित्यातून पुन्हा सर्किट बोर्ड घडवता आले.